सेवेचे दहा गुण

महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना दरवर्षी एक सल्ला हमखास मिळतो : ‘एन.एस.एस.ला नाव घाल, दहा गुण मिळतात.’ हा सल्ला वरच्या वर्गातील मुले देतात, घरातील वडीलधारी देतात आणि, खेदाने लिहावे लागते, आपल्या धर्मग्रामातील जाणती माणसेही देतात. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षे काढून ठरलेले तास भरले की राज्यातील अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्याच्या पदरात दहापर्यंत वाढीव गुण पडत आले आहेत. त्या दहा गुणांशी आम्हांला आज भांडायचे आहे. आकडा लहान आहे. त्याच्या पाठीशी उभी असलेली समजूत लहान नाही.

योजनेशी आमचे वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. शिकलेल्या तरुणाने वर्गाबाहेर पडावे, ज्या समाजाच्या पैशावर आपण शिकतो त्याचे तोंड एकदा तरी पाहावे, हा तिच्यामागील विचार निर्मळ होता. स्वयंसेवकाच्या छातीवर जो बिल्ला लागतो त्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथाचे चाक आहे. त्या चाकाचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. स्वयंसेवक आठही प्रहर सेवेस सिद्ध आहे असा त्याचा अर्थ. योजनेचे ब्रीद तर त्याहून सुंदर आहे : मी नव्हे, तू.

आता नियम पाहा. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४० तास, आणि एखाद्या दत्तक गावी सात दिवसांचे विशेष शिबिर. बिल्ल्यावर आठ प्रहर, वहीत १२० तास. ब्रीद म्हणते ‘तू’, आणि गुण मात्र ‘मी’च्या खात्यावर जमा होतात. ज्या गावात शिबिर झाले त्या गावाच्या खात्यावर काय जमा झाले, याची नोंद कोणत्या गुणपत्रिकेत होते?

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी उकरून काय उपयोग? पण गोष्ट जुनी राहिलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीचे जे नवे आराखडे आले, त्यांत समाजसंपर्क आणि सेवा हे श्रेयांक देणारे घटक झाले आहेत. पूर्वी सेवा ही गुणपत्रिकेच्या तळाशी चिकटवलेली बक्षिसी होती. आता ती अभ्यासक्रमाच्या पोटात शिरली आहे. सेवेला शिक्षणात मानाची जागा मिळाली म्हणून अनेकांनी त्याचे स्वागत केले. आम्हांला मात्र प्रश्न पडतो की जागा सेवेला मिळाली, की सेवेच्या हिशेबाला?

सेवा आणि मान यांची सांगड घालण्याचा हा उद्योग केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९२१ साली तेथील माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या संघटनेने ‘नॅशनल ऑनर सोसायटी’ नावाची विद्यार्थ्यांची मानाची संस्था काढली. विद्वत्ता, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य असे तिचे चार खांब सांगतात. खांब चारही भक्कम, परंतु दाराशी उभा राहतो तो पहिला. परीक्षेत अमुक एवढे मिळवले असतील तरच पुढच्या तिहींची चौकशी होते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही महाविद्यालयाच्या अर्जासाठी सेवेचे तास जमवतात आणि त्यांचे आईवडील ते तास मोजतात. त्याचे पडसाद आता आपल्या अमरावती-अकोल्यापर्यंत आले आहेत. काही इंग्रजी शाळांत वर्षारंभी थाटाचा समारंभ होतो, निवडक मुलांच्या खांद्यावरून रंगीत पट्टे घातले जातात, आणि ‘समाजसेवा’ हे खातेही त्या पट्ट्यांपैकीच एकाकडे जाते. निवड कोणाची होते? ज्याचे टक्के चांगले, ज्याचे इंग्रजी सफाईदार, ज्याचा गणवेश इस्त्रीचा, त्याची. म्हणजे दुसऱ्याची सेवा करण्यासही आधी पात्र ठरावे लागते, आणि ती पात्रता गणिताच्या उत्तरपत्रिकेत तपासली जाते!

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण आमच्या तक्रारीचे मूळ येथेच आहे.

आपल्या वऱ्हाडातील एखादी नववी-दहावीतील मुलगी डोळ्यांपुढे आणा. अशी मुलगी प्रत्येक धर्मग्रामात आहे, तिचे नाव सांगण्याची गरज नाही. आई दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाते. वडील हमाली करतात, किंवा जिनिंगच्या हंगामात तेथे. उन्हाळ्यात नळाला कितव्या दिवशी पाणी येणार याचा हिशेब घरात हीच ठेवते. धाकट्या भावंडांची वेणीफणी, आंथरुणाला खिळलेल्या आजीचे हगणेमुतणे, सकाळचा स्वयंपाक, सारे आटोपून ती शाळेत येते आणि मधल्या तासाला पेंगते. दिवाळीच्या सुट्टीत इतर मुले मामाच्या गावी जातात तेव्हा ही आईबरोबर कापूस वेचायला जाते. तिचे टक्के पंचेचाळीस. ती सेवेच्या मंडळात बसत नाही. वर्षअखेरीस मंडळातील मुले वृद्धाश्रमात जाऊन दोन तास गाणी म्हणतात, फळे वाटतात, आणि त्यांना ‘उत्कृष्ट सेवाकार्या’चे प्रमाणपत्र मिळते. त्या वेळी ही मुलगी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवते.

या दृश्यात अन्याय आहे, हे ज्याला दिसत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु ज्यांना दिसते त्यांनी हेही पाहावे की अन्याय एकट्या मुलीवर होत नाही. त्या टाळ्यांतून ती एक धडा शिकते : घरात मी जे करते ते ओझे, आणि तिकडे जे करतात ती सेवा. अशा धड्याने शिकलेली मुलगी उद्या आजीपाशी बसायला कंटाळेल, आणि दोष आपण तिलाच देऊ. पट्टेवाला मुलगाही काहीतरी शिकतोच. गरीब माणूस हा आपल्या वरच्या इयत्तेची एक पायरी आहे, असे तो शिकतो. त्याचेही नुकसान झालेच. फक्त ते कळायला त्याला वीस वर्षे लागतील.

आता शिबिराच्या गावाकडे वळू. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, आपल्या भागातील कितीतरी गावांच्या वेशीवर शिबिराचे फलक लागतात. सकाळी प्रभातफेरी, मग ग्रामसफाई, कोठे शोषखड्डा, कोठे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून वनराई बंधारा, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य. मुले राबतात, हे आम्ही नाकारत नाही. शहरातील कितीतरी मुलांनी पहिल्यांदा फावडे हातात धरले ते तेथेच. बंधाऱ्यामागे पाणी अडते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो. पण आठव्या दिवशी बस येते. पुढल्या वर्षी मुले दुसरी असतात, पुष्कळदा गावही दुसरे असते. वृक्षारोपणाची तर एक जुनी थट्टाच आहे, की झाड दरवर्षी नवे आणि खड्डा तोच.

पूर्णेच्या खोऱ्यातील आपला खारपाणपट्टा घ्या. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतील गावेच्या गावे पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी उपसत आली आहेत. त्या पाण्याने पिके मारली, आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी घरोघरी नेऊन पोहोचवल्या. अशा गावाला सात दिवसांच्या झाडलोटीची गरज किती, आणि वर्षभर पाण्याचे नमुने तपासून घेणाऱ्या, आजाऱ्याला अकोल्याच्या सरकारी रुग्णालयात नेऊन कागदपत्रे भरून देणाऱ्या, पाणीपुरवठ्याच्या अर्जाचा पाठपुरावा करणाऱ्या चार शिकलेल्या मुलांची गरज किती? हे दुसरे काम तासांत मोजता येत नाही. रुग्णालयाच्या बाकावर बसून काढलेली दुपार अहवालात कोणत्या मथळ्याखाली लिहावी? तिचे छायाचित्रही चांगले येत नाही. म्हणून ते काम होत नाही. ज्याला गुण आहेत तेच काम होते, आणि गुण त्यालाच असतात जे मोजायला सोपे.

ज्या भूमीत हे चालले आहे ती भूमी कोणाची? अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले आणि २००५ साली त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. शेणगावात १८७६ साली जन्मलेल्या या माणसाची रीत वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. गावात शिरायचे ते खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातील केर काढायचा. पायांना कोणी हात लावू लागला तर त्याला हुसकायचे. शिष्य करायचे नाहीत, गादी मांडायची नाही. धर्मशाळा बांधल्या त्या यात्रेकरूंसाठी आणि रुग्णांच्या नातलगांसाठी. स्वतः मात्र फुटक्या गाडग्याचे धनी राहिले. पूर्णेकाठच्या ऋणमोचनाच्या यात्रेत त्यांनी जे काम केले त्याचे तास कोणी भरले होते? २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचा देह पडला तेव्हा त्यांच्या नावावर एकही प्रमाणपत्र नव्हते. आज त्यांच्या नावाच्या विद्यापीठात सेवेचे प्रमाणपत्र वाटले जाते, हा विरोधाभास आम्हांला तरी गिळवत नाही.

बाबांच्याच नावाने राज्य शासनाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान काढले आणि स्वच्छ गावांना बक्षिसे लावली. त्या अभियानाने गावोगावी मोठा उत्साह आला, लोकांनी स्वतःच्या श्रमाने रस्ते, गटारे, शौचालये बांधली. हे श्रेय द्यायलाच हवे. परंतु तपासणीची समिती येऊन गेल्यावर काय झाले हेही खेड्यात राहणाऱ्यांनी पाहिले आहे. कितीतरी शौचालयांत गोवऱ्या आणि तुराट्या रचल्या गेल्या. जेथे एखादा शिक्षक, एखादी अंगणवाडीताई, एखादा तरुण सरपंच बक्षिसानंतरही खराटा धरून राहिला, तेथे गाव स्वच्छ राहिले. बक्षीस माणसाला उठवते, पण टिकवून धरत नाही.

आमच्यावर पहिला आक्षेप येईल तो ठरलेला आहे : आमिष नसेल तर मुले येणारच नाहीत. आधी गुणांसाठी येतील, मग गोडी लागेल. हे अगदीच खोटे नाही. गोडी लागलेली मुले आम्ही पाहिली आहेत. पण गोडी लावली ती एखाद्या तळमळीच्या प्राध्यापकाने, किंवा गावातल्या एखाद्या म्हातारीने भाकरी वाढताना केलेल्या चौकशीने. दहा गुणांनी नव्हे. आणि आमिषाविना तरुण येत नाहीत, हे तर इतिहासाला धरून नाही.

१८३३ सालच्या पॅरिसची गोष्ट आपल्या वाचकांस ठाऊक असेल. वर्षापूर्वीच शहरातून पटकीची साथ गेली होती. विद्यार्थ्यांच्या एका चर्चामंडळात फ्रेडरिक ओझानाम हा कायद्याचा विद्यार्थी ख्रिस्तसभेची थोरवी सांगत असता विरोधकांनी त्याला टोकले, की पूर्वी काय केले ते पुरे, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? ओझानामला हा टोला बसला. त्याच वर्षीच्या २३ एप्रिलला, त्याच्या विसाव्या वाढदिवशी, काही विद्यार्थी आणि एक वडीलधारे संपादक एकत्र जमले, आणि त्यातून संत विन्सेंट द पॉल सोसायटी जन्मास आली. गरिबांशी कसे वागावे हे त्यांना ठाऊक नव्हते. ते त्यांनी मुफतार वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली यांच्यापाशी बसून शिकून घेतले. पाव किंवा कोळसा द्यायचा तो घरी जाऊन, खाली बसून, दोन शब्द बोलून. सभेत पैशाची पिशवी फिरे तेव्हा कोणी किती टाकले हे शेजाऱ्यासही कळू द्यायचे नाही. ज्यांच्या घरी जायचे त्यांची नावे बाहेर बोलायची नाहीत. हीच शिस्त आमच्या मनात भरते. विद्यार्थ्यांनी, विद्यार्थिदशेत, विद्यापीठाच्या कोणत्याही गुणांविना काढलेली ही संस्था आज जगभर पसरली आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्येच ओझानामला धन्यवादित घोषित केले, जगभरचे तरुण तेथे जमले असता. मान आला, पण तो त्याच्या मृत्यूनंतर १४४ वर्षांनी.

पॅरिस दूर वाटत असेल तर मेळघाट जवळ आहे. १९९३ च्या सुमारास तेथील कोरकू बालकांच्या कुपोषणाच्या आणि मृत्यूच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. १९९७ पासून पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेचे स्वयंसेवक ऐन पावसाळ्यात, म्हणजे बालमृत्यू जेव्हा अधिक होतात तेव्हा, तुकड्या-तुकड्यांनी तेथील गावांत जाऊन राहू लागले. शिबिरासाठी सोयीची असते ती थंडी. मेळघाटात गरज असते ती पावसाळ्यात. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१९ साली. परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना आपले नाव दिले. त्यांना पद्मश्री मिळाली २०२४ साली. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी जे उभे केले ते तर कुष्ठरुग्णाच्या सावलीलाही लोक भीत त्या काळात. या सर्वांना मान मिळाला, मिळायलाच हवा होता. पण तो कामाच्या मागून चालत आला.

दुसरा आक्षेप आम्हांला अधिक जड वाटतो. खेड्यातून आलेल्या, शिकवणी न परवडणाऱ्या मुलाला हे दहा गुण तारतात. तुम्ही सुखवस्तू माणसे ते का हिरावून घेता? या प्रश्नाला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचे उत्तर असे : त्या मुलाला मदत हवी हे खरे आहे, तर ती थेट द्या. संध्याकाळी वर्ग उघडा ठेवा, एक जादा शिक्षक नेमा, पुस्तके द्या, वसतिगृहात जागा द्या. त्याच्या कच्च्या इंग्रजीची भरपाई एखाद्या गावाच्या गटारीतून का करता? त्यात त्या मुलाचाही अपमान आहे आणि गावाचाही. शिवाय अनुभव असा की या गुणांचा लाभ घेणाऱ्यांत वरच्या श्रेणीसाठी चारच गुण कमी पडलेला मुलगाही तितकाच पुढे असतो.

येथवर विद्यापीठांना आणि शाळांना बोललो. आता घरचे बोलू. आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला. आपण संख्येने थोडे आहोत, आणि आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची पहिली शिकलेली पिढी मिशनच्या वसतिगृहांतून आणि शाळांतून उभी राहिली. रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी दार उघडणाऱ्या धर्मभगिनींनी तास लिहून ठेवले नाहीत. त्या सेवेवर वाढलेले आपण आज काय करतो? वेदीसेवकांना वर्षअखेरीस ‘सर्वोत्कृष्ट’ अशी ढाल देतो. नाताळात वस्तीत चादरी वाटतो तेव्हा घेणाऱ्या म्हाताऱ्याला कॅमेऱ्याकडे तोंड करून थांबायला लावतो. शाळेच्या अर्जासाठी धर्मगुरूंकडे ‘समाजसेवेचा’ दाखला मागायला जातो, आणि मुलाने काय केले असे त्यांनी विचारले तर आपल्यालाच राग येतो. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आपण दरवर्षी पाहतो. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये ही प्रभूची शिकवण मुलांकडून पाठ करून घेतो. मग तीच मुले घरी येऊन विचारतात, की प्रमाणपत्राला चौकट कोठे करून मिळेल. आणि आपण दुकान सांगतो.

आमचे मागणे फार नाही. सेवेच्या मंडळातील प्रवेशाला टक्क्यांची अट नसावी. पंचेचाळीसवालीही तेथे यावी, आणि तिला यायला वेळ नसेल तर मंडळाने आधी तिच्या घरी जाऊन तो का नाही हे पाहावे. सेवेवर गुण आणि श्रेयांक देऊ नयेत. विद्यापीठाला ते बंद करणे आज जमत नसेल तर निदान आपल्या ख्रिस्ती शाळांनी आणि महाविद्यालयांनी पट्टे, ढाली आणि प्रमाणपत्रे आपल्या अधिकारात बंद करावीत, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. गाव एकच धरावे, आणि किमान पाच वर्षे सोडू नये. शिबिराचा अहवाल मुलांनी नव्हे, गावाने लिहावा : ग्रामसभेत उभे राहून एखाद्या बाईने सांगावे की ही पोरे आली होती, त्यांचा आम्हांला हा उपयोग झाला आणि हा त्रास झाला.

जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडतील आणि मंडळांच्या निवडी सुरू होतील. आपल्या पाल्याच्या शाळेत ज्या दिवशी पालकांची पहिली सभा असेल त्या दिवशी आपल्या वाचकांनी दोन प्रश्न विचारावेत : सेवेच्या मंडळात घेण्यासाठी किती टक्के लागतात, आणि मागील वर्षी ज्या वस्तीत किंवा गावात मुले गेली होती तेथे यंदा पुन्हा कोण गेले? उत्तर लेखी मागावे.